तंबूबाहेरच्या चपला

डोंगरावर जाण्याच्या सामानाच्या दुकानात नोकरी करण्याचा मोठा फायदा म्हणजे मालावर सवलत मिळते. तोटा असा, की शनिवार-रविवारी सुट्टी मिळत नाही, आणि लोक डोंगरावर जातात ते नेमके शनिवार-रविवारी. त्यामुळे सानपाड्याच्या आमच्या दुकानात हिमालयाबद्दल अत्यंत आत्मविश्वासाने बोलणारे आम्ही सगळे विक्रेते पारसिकच्या टेकडीपलीकडे गेलेलो नव्हतो.

गिऱ्हाइकांचंही फार वेगळं नसे. उलव्याच्या एका गृहस्थांनी बर्फात घालायचं जाकीट एसीच्या झोताखाली उभं राहून पारखलं होतं. कुठे निघालात, असं विचारल्यावर ते गंभीरपणे म्हणाले, "सध्या मानसिक तयारी चालू आहे."

दुकानाच्या मधोमध एक तंबू उभा असे. पाटी कुठेही नव्हती, तरी प्रत्येक कुटुंब आत शिरण्याआधी चपला बाहेर काढायचं. मग सगळे मांडी घालून बसायचे आणि एखादी आजी "हवेशीर आहे हो" असा निकाल द्यायची. आम्हाला शिकवलं होतं त्याप्रमाणे मी सांगायचो, "डोंगरावर रात्री बूट आत घ्यायचे. बाहेर ठेवले की गोठतात." मी बूट देव्हाऱ्यात ठेवायला सांगितल्यासारखे लोक माझ्याकडे बघायचे.

एका उन्हाळ्यात एक निवृत्त काका रोज दुपारी येऊ लागले. त्यांनी हिमालयातल्या एका ट्रेकला नाव नोंदवलं होतं आणि बूट आमच्याकडून घेतले होते. पण बूट घरी न्यायची सोय नव्हती, कारण काकूंना यातलं काहीच माहीत नव्हतं. काकांच्या गुडघ्यांमुळे काकूंनी पायऱ्या असलेली देवळंसुद्धा बंद केली होती. म्हणून बूट आमच्या काउंटरखाली राहायचे. काका यायचे, चपला काढून बूट चढवायचे आणि गिऱ्हाइकांना बूट घालून बघण्यासाठी केलेल्या लाकडी उतारावर वर-खाली करायचे. येणारेजाणारे त्यांना दुकानाची जाहिरात समजत.

"घरी कधी सांगणार, काका?"

"परत आल्यावर."

निघायला थोडेच दिवस उरले होते. काका बूट काढून, चपला घालून निघणार, तोच काचेबाहेर त्यांना कोणीतरी दिसलं. "अरे, ही इथे कशी?" एवढंच म्हणून ते तंबूत शिरले आणि आतून चेन ओढली.

काकू नातीच्या सहलीसाठी पाण्याची बाटली घ्यायला आल्या होत्या. त्यांनी प्रत्येक बाटलीचं झाकण उघडून वास घेतला, एक निवडली, वळल्या आणि थबकल्या. तंबूच्या दाराशी दोन चपला नीट जोडून ठेवलेल्या होत्या. डावीचा अंगठा हिरव्या दोऱ्याने शिवलेला. जीव घेऊन पळतानाही काकांनी त्या काढल्या होत्या.

"हा दोरा माझ्या शिवणाच्या डब्यातला आहे," काकू मला म्हणाल्या. मग तंबूला म्हणाल्या, "अहो, बाहेर या. आत उकडत असेल."

तंबूचं कापड आतून जरासं हललं.

"या म्हटलं ना."

चेन हळूहळू उघडली. काकांचं डोकं बाहेर आलं. "अगं, मी सहज..."

"सहज कुणी चेन लावून बसत नाही."

मग काकांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं: ट्रेक, बूट, रोजची दुपार. शेवटी म्हणाले, "तू नाहीच म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते. तेवढं तरी म्हणू द्यायचं होतं."

काकू माझ्याकडे वळल्या. "तुम्ही गेलाय का तिकडे?"

या प्रश्नावर 'आमचे बरेच ग्राहक जातात' असं म्हणायची आमची पद्धत होती. त्या नजरेपुढे ती चालली नाही. "नाही, काकू."

"मग तुम्हाला गुडघ्यांचं काय कळणार? अहो, घाला ते बूट. चढून दाखवा."

काकू विक्रीच्या घडीच्या खुर्चीवर बसल्या. काका उतार चढले, उतरले. मी त्यांचा चेहरा पाहत होतो, काकू गुडघे पाहत होत्या.

"परत."

काका परत चढले.

"उतरताना कठड्याला हात लावू नका. तिकडे कठडा कुणी बांधलाय?"

काका हात न लावता उतरले. काकूंनी बराच वेळ बाटलीचं झाकण उघडलं, लावलं. शेवटी म्हणाल्या, "जा. पण निघेपर्यंत लिफ्ट बंद. आणि बूट घरी येतील." बाटलीच्या पिशवीत त्यांनी बूट स्वतःच कोंबले.

काका ट्रेकहून परत आल्यावर दोघं दुकानात आले. काका काळवंडले होते, पण चालत आले होते. मोबाइलवर त्यांनी एक फोटो दाखवला: बर्फ, तंबू आणि तंबूबाहेर ओळीने मांडलेले सगळ्यांचे बूट, त्यांवर बोटभर हिम.

"सकाळी पाय शिरेना," काका म्हणाले.

"मी सांगितलं होतं, बूट आत घ्या," मी म्हणालो.

काकूंनी चष्मा वर करून फोटो पाहिला. "नीट जोडून मात्र ठेवलेत," त्या म्हणाल्या.