आमचे कायमचे अध्यक्ष

दिनू टिपणीस चहासुद्धा ठराव मांडून घ्यायचा. माझी आई कपबशा घेऊन पडवीत आली की तो हात वर करून म्हणे, "काकू, जरा थांबा. आधी सूचक, मग अनुमोदक." आई म्हणे, "चहा निवला की त्याचाही निषेध करा," आणि कपबशा ठेवून आत जाई.

आमचे कॉलेज मुंबईला, पण विद्यार्थी अभ्यासमंडळाची सभा भरे ठाण्यात, आमच्या घरी. कॉलेजात राजकारणाला बंदी होती आणि मला संध्याकाळी घराबाहेर पडायला. मंडळाने दोन्हींचा निषेध करून आमची पडवी गाठली. मंडळात मी एकटीच मुलगी. त्यामुळे समानतेच्या तत्त्वाला अनुसरून चिटणीसपद आणि भजी, दोन्ही माझ्याकडे आली.

अध्यक्ष अर्थात दिनू. तो आमच्या आधीपासून कॉलेजात होता आणि आमच्यानंतरही राहील याची सर्वांना खात्री होती. बी.ए.च्या परीक्षेच्या तोंडावर जगात हमखास कुठेतरी काही पेटायचे आणि दिनू पुस्तक मिटून निषेधाचा मसुदा लिहायला बसायचा. सुएझच्या कालव्यापासून मासुंदा तलावातल्या शेवाळापर्यंत कशावरही तो बोले, आणि दुसरे कोणी तोंड उघडले की म्हणे, "मुद्द्याला धरून बोला."

घरी मात्र त्याला कुत्रे विचारत नसे. "वडील मला 'ए' म्हणून हाक मारतात," तो एकदा म्हणाला. "इथे निदान अध्यक्षमहाराज म्हणतात." बोलताना तो हसला, पण मला फार वाईट वाटले. या पडवीतली सोडली तर त्याला बसायला दुसरी खुर्ची नव्हती.

मंडळाची घटनाही त्यानेच लिहिलेली. कॉलेज सोडूनही मंडळात घुसू पाहणाऱ्या एका बेरक्या पुढाऱ्याला अडवायला त्याने कलम घातले होते: जो विद्यार्थी नाही, तो सभासद नाही आणि त्याला सभेत बसता येणार नाही.

आणि एका वर्षी आक्रीत घडले. ऐन परीक्षेच्या महिन्यात जग शांत राहिले आणि दिनू पास झाला. वडिलांनी त्याला लगोलग कचेरीत चिकटवून दिले. पेढे घेऊन तो आमच्याकडे आला तो सुतकी चेहऱ्याने.

सभेत मी ठराव मांडला, की दिनूपुरता त्या कलमाला अपवाद करावा; त्याचा निकाल लागेपर्यंत अध्यक्ष दिनूच, हे सर्वांना मान्य होते. आमच्यातले दोघे-तिघे अध्यक्षपदाला टपलेलेच होते, त्यामुळे मते सारखी पडली. आता निर्णायक मत अध्यक्षांचे. मी सुटकेचा निःश्वास टाकला.

दिनूने चष्मा काढून पुसला. "अध्यक्षांचे मत ठरावाच्या विरुद्ध," तो म्हणाला.

"अरे दिनू, वेड लागलंय का तुला?"

"मुद्द्याला धरून बोल. आज माझ्यासाठी कलम वाकवलं, तर उद्या त्या पुढाऱ्याला कुठल्या तोंडाने अडवाल?"

एवढे बोलून तो उठला आणि चपला घालू लागला. तेवढ्यात आई चहा घेऊन आली. "अरे, चहा तरी घे."

"नको काकू. आता मला ठराव मांडता येणार नाही."

तो गेला. टपलेल्यांपैकीही कोणी त्या खुर्चीकडे सरकेना. सभा संपल्याचे जाहीर करण्याचा अधिकार घटनेने फक्त अध्यक्षांना दिला होता. शेवटी एकेक जण उठून घरी गेला. मंडळ पुन्हा कधी भरले नाही, आणि ती सभा अजून कोणी संपवलेली नाही.