तिसरं नाव

मुलींना गणित जमत नाही, असं आमच्या साताऱ्यात कोणी म्हणत नसे. म्हणायची गरजच पडत नसे. इंग्रजी सहावीत, म्हणजे मॅट्रिकच्या आदल्या वर्षी, विषय घ्यायची वेळ आली, की मुलांच्या शाळेत बीजगणित, भूमिती, पदार्थविज्ञान, रसायन. आणि आमच्या मुलींच्या शाळेत गृहशास्त्र आणि सोपं अंकगणित. त्यावर मॅट्रिक होता येई, पण कॉलेजात सायन्सला जाता येत नसे. मला सायन्सला जायचं होतं. शेजारच्या कंपाउंडरनं एकदा दोन पांढऱ्या पुड्या पाण्यात टाकून पेला फसफसवून दाखवला होता. तो का फसफसला, हे मला कोणी सांगेना. याचा मला राग होता, आणि तो राग हेच माझं सायन्सला जायचं कारण.

मुख्याध्यापिकांना आम्ही मोठ्या बाई म्हणत असू. मी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले.

"मुलांच्या शाळेतले मास्तर सकाळी येऊन शिकवतील," त्या म्हणाल्या. "पण एकीसाठी वर्ग निघत नसतो. तीन तरी नावं आण. आणि मधेच एक जरी गळली, तर वर्ग बंद. मग माझ्याकडे यायचं नाही."

दुसरं नाव सहज मिळालं. वकिलांच्या मुलीचा भाऊ पुण्याला सायन्सला होता आणि तिला त्याच्यापेक्षा कमी राहायचं नव्हतं. तिसऱ्या नावासाठी मात्र मी घरोघर हिंडले. एकीची आई म्हणाली, "भूमितीनं पोळी गोल येते का गं?" मी म्हटलं, येते. पण त्या बाईंना ते पटलं नाही.

शेवटी माझ्या मागच्या बाकावरच्या मुलीला विचारलं. ती उंब्रजची. वडील पलटणीत, त्या वेळी दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईवर गेलेले. घरी उसाची शेती. शिकायला मामाकडे साताऱ्यात राहिलेली. तिला गणिताचं वावडं होतं, पण सुईचं त्याहून जास्त.

"तुज्या वर्गात शिवण हाय का?" तिनं विचारलं.

"नाही."

"मग घाल माझं नाव."

असा आमचा वर्ग निघाला. मास्तर सायकलवरून येत, हँडलला पिशवी, पिशवीत बाटल्या. लढाईमुळे लिटमसचा कागद मिळत नव्हता. मास्तरांनी जास्वंदीची फुलं आणायला सांगितली. ती पांढऱ्या कागदावर घासून आम्ही कागद वाळवले. लिंबाच्या रसात कागद लालसर झाला, चुन्याच्या निवळीत हिरवट. फुलं आणायचं काम उंब्रजकरणीचं. मामाच्या शेजाऱ्यांच्या देवाला त्या वर्षी जास्वंद मिळाली नसावी.

भूमितीत मात्र तिची गाडी अडे. ती सिद्धांत पाठ करी, घडाघडा म्हणे. पण अ ब क चा त्रिकोण तिला यायचा आणि प फ म चा यायचा नाही. अक्षरं बदलली की संपलं. मास्तर कपाळाला हात लावत. मी तिला मधल्या सुट्टीत शिकवायला बसे आणि दर वेळी चिडून उठे. ती शांतपणे डबा उघडून भाकरी खाई.

मॅट्रिकच्या वर्षी दिवाळी झाली आणि मला कऱ्हाडचं स्थळ सांगून आलं. मुलगा रेल्वेत, घर चांगलं. त्यांना लग्न माघातच उरकायचं होतं, म्हणजे परीक्षेच्या आधी. माझे वडील कोर्टात कारकून. मी म्हटलं, परीक्षा होऊ द्या. ते म्हणाले, "मॅट्रिक होऊन तरी शेवटी लग्नच ना?" आवाज न चढवता म्हणाले, म्हणून मला जास्त लागलं. आई म्हणाली, हिच्या नाकावर कायम राग, चांगलं घर मिळतंय तर पदरात पाडून घ्यावं. मी शाळेत जाऊन दोघींना सांगितलं, की माझं नाव आता कमी होणार.

दोनतीन दिवसांनी संध्याकाळी उंब्रजकरीण आमच्या घरी आली. वडील ओसरीवर वर्तमानपत्र वाचत होते. ती सरळ त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"आवं काका, हिला शाळेतनं काढताय म्हनं."

"लग्न ठरतंय तिचं," वडील म्हणाले.

"ठरू द्या की. पर ही गेली की आमचा वर्ग मोडतोय. परीक्षा तोंडावर आलीया. आमा दोघींचं वरीस जाईल, त्याला काय करायचं?"

वडिलांनी चष्मा काढला. स्वतःच्या मुलीचं वर्ष त्यांनी खुशाल बुडवलं असतं. ते घरचं होतं. पण आपल्यापायी दुसऱ्यांच्या मुलींचं नुकसान व्हावं, हे त्यांना सोसेना. शाळेत जाऊन चौकशी वगैरे केली नाही. त्याच आठवड्यात त्यांनी कऱ्हाडला निरोप धाडला, की लग्न वैशाखात करू. कऱ्हाडकर थांबले नाहीत. आईनं माझ्याशी अबोला धरला आणि मी रात्रंदिवस भूमिती केली.

निकाल लागला. मी आणि वकिलांची मुलगी पास झालो. उंब्रजकरीण गणितात गेली, बाकी सगळ्यात पास. वडील म्हणाले, स्थळ गेलंच आहे, तर सांगलीला मावशी आहे, जा. मी सांगलीच्या कॉलेजात सायन्सला गेले. तिथं खरा लिटमस पाहिला. जास्वंदीपेक्षा बरा होता.

दिवाळीच्या सुट्टीत साताऱ्याला येताना मी उंब्रजला मोटारीतून उतरले. ती अंगणात सुपात शेंगा घेऊन फोडत बसली होती. मीही बसले.

"परत परीक्षेला बसणार ना?"

"कशाला? ते तिरकोन मला कवाच कळायचे न्हाईत."

"गृहशास्त्र घेतलं असतंस तर सहज पास झाली असतीस."

"मोठ्या बाईबी तेच म्हनल्या," ती म्हणाली. "तुजं लगीन ठरतंय कळल्यावर मला बोलावलं हुतं त्यांनी. म्हनल्या, वर्ग मोडला तर बरंच झालं, परीक्षेचे अर्ज अजून गेले न्हाईत, तुजं नाव गृहशास्त्रात घालते. सुटशील."

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. वर्ग मोडला असता, तर तिचं वर्ष वाचणार होतं. आणि ते ठाऊक असून ती आमच्या ओसरीवर येऊन नेमकं उलटं सांगून गेली होती.

"मग वडिलांना असं का सांगितलंस?"

"तुजं वरीस जातंय म्हनलं असतं, तर ऐकलं असतं व्हय त्यांनी?"

मला रडू आलं. मला कोणासमोर रडायला आवडत नाही, तिला ते माहीत होतं. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही; सूप फक्त माझ्या बाजूला सरकवलं.

"फोड शेंगा," ती म्हणाली. "मोटारीला अजून येळ हाय."