अर्धी भाकरी

साखरशेतचे पुंजा आणि माघ्या हे जुळे भाऊ. चेहरा एक, आवाज एक, खोड्याही त्याच. एकाच्या मस्तीचा मार दुसऱ्याने किती वेळा खाल्ला असेल, देव जाणे! आई नाचणीची एकच मोठी भाकरी थापायची नि मधोमध मोडून दोघांना द्यायची. पुढे लग्नं झाली, चुली वेगळ्या झाल्या, तरी शेतावर दुपारची भाकरी दोघे मोडूनच खायचे. पुंजाची लेक नीता, तिच्या डोळ्यांपुढून ते बांधावरचं बसणं अजून हलत नाही.

दोन हजार सालच्या उन्हाळ्यात माघ्या गेला. ना ताप, ना खोकला. दुपारी आंब्याखाली आडवा झाला तो उठलाच नाही.

भाताच्या आवणीला नीता नाशिकहून आली, तर बापाच्या गालांची हाडं वर आलेली. तिची आई रडकुंडीला आली होती. पुंजा अर्धी भाकरी खायचा नि अर्धी झाकून ठेवायचा. का, म्हणून विचारलं की उठून चालू लागायचा. जव्हारला डॉक्टरला दाखवलं, रोग काही सापडेना. सापडायला तो अंगात हवा ना!

नीता संख्याशास्त्र शिकत होती. चिखलात रोपं खोवता खोवता तिने बापाला पुस्तकातलं सांगायला घेतलं. एका रक्ताचे उंदीर, एकच पिंजरा, एकच दाणापाणी. तरी एक आधी जातो, दुसरा मागे राहतो. शरीरात बारीकसारीक मोडतोड चालूच असते, ती कुणाला कधी भोवेल याचा नेम नाही. म्हणून शिकलेली माणसं म्हातारपणाचं गणित मांडतात तेव्हा त्यातही नशिबाला जागा ठेवतात. शंभरातले किती उरतील ते सांगता येतं, कोण उरेल ते नाही.

उंदरांचं म्हातारपण मोजणाऱ्या रिकामटेकड्यांना एरवी पुंजा पोट धरून हसला असता. त्या दिवशी तो वाकलेला सरळ झाला. रोपांची जुडी हातात तशीच राहिली.

"आमा दोघांना मिळून एकच आयुष्य नव्हतं दिलेलं?"

"नाही रे बा. ज्याचं त्याचं वेगळं."

"म्हंजे मी त्याच्या वाटचं खाल्लं नाय?"

"नाही बा," नीता म्हणाली.

माघ्याला पोचवतानाही डोळ्यांतून टिपूस न काढलेला पुंजा गुडघाभर चिखलात उभा राहिला आणि भावाच्या नावाने हंबरडा फोडून रडला.