शिवलीलानं निवडलेला ॲम्प

शिवलीला हत्तरकी मूळची नेसरीची. आप्पांचं, म्हणजे वडिलांचं, तिथं भुसारी दुकान. घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी. पोरीनं बी. कॉम. करून बँकेत लागावं म्हणून आप्पांनी तिला कोल्हापूरला धाडलं. ती बी. कॉम. झाली, पण बँकेत काही गेली नाही. गिटार घेऊन बसली ती बसलीच. घरी लग्नाचा विषय निघाला की म्हणायची, "थांबा की, अजून हात बसतोय." हात बसला तोवर पस्तिशी आली होती.

धैर्यशील सरनोबतच्या ऑर्केस्ट्रात ती कॉलेजपासून होती. कीबोर्ड त्याचा, गाडी त्याची, कार्यक्रम ठरवणारा तोच. गाणारी नसरीन, शिवलीलाची जिवाभावाची मैत्रीण. बाई गिटार वाजवते हे बघायला सुरुवातीला लोक स्टेजपुढं गोळा व्हायचे. पुढं पुढं ती वाजवते कशी हे ऐकायला यायला लागले. मग शिवलीला आणि धैर्यशीलनं भागीत राजारामपुरीत एका दातांच्या दवाखान्याखाली स्टुडिओ काढला.

अडचण होती ती ॲम्पची, गिटारचा आवाज ज्यातून बाहेर पडतो त्या यंत्राची. जुना ॲम्प ट्यूबचा, म्हणजे आतल्या काचेच्या नळ्या तापल्यावर चालणारा, आणि कपाटाएवढा. उचलायला दोन गडी लागायचे. त्याचा खरा आवाज यायचा तो मोठ्यानं वाजवल्यावर, आणि स्टुडिओत मोठ्यानं वाजवला की वरून दाढ दुखणारी माणसं भांडायला खाली यायची. गाडीत तो मावायचा नाही, म्हणून कार्यक्रमात शिवलीलाची गिटार सरळ साउंडवाल्याच्या मिक्सरला जोडावी लागायची. मग आवाज यायचा डब्यात माशी अडकल्यागत.

"एकच घ्यायचा, पण स्टुडिओत बी चालंल आणि स्टेजवर बी," धैर्यशील एक दिवस म्हणाला. "कान तुझा, निवड तुझी. मी मधी तोंड घालणार न्हाय."

शिवलीलानं ते फार मनावर घेतलं. आपली गिटार आणि आपलीच वायर घेऊन ती पुण्याला गेली, बंगळूरला गेली. दुकानदार विचारायचे, "कुणासाठी बघताय ताई? भाऊ वाजवतो का?" ती सरळ गिटार जोडायची. एकानं तिला शंभर आवाजांचं डिजिटल यंत्र दाखवलं. तासभर वाजवून ती म्हणाली, "शंभर हायत खरं, त्यात माझा कंचा?"

बंगळूरच्या दुकानात अखेर तिला हवा तो सापडला. भाकरीच्या डब्याएवढा ट्यूब ॲम्प. पुढच्या बाजूला खण. प्रत्येक खणात एक छोटा तुकडा सरकवायचा, त्याची ट्यूब त्याच्यातच. एका तुकड्याचा आवाज धुतल्या भांड्यासारखा लख्ख, दुसऱ्याचा खरखरीत. नको तो ओढून काढायचा, हवा तो बसवायचा. मागं एक खटका होता. खोलीत वाजवताना ताकद उतरवायची, स्टेजवर चढवायची. आवाज लहान केला की बहुतेक ट्यूब ॲम्प पेंगतात, हा तसाच जागा राहिला. तरी शिवलीलानं पिच्छा सोडला नाही. गगनबावड्याच्या रस्त्यावर गाडी आदळली तर हे तुकडे खणात राहतील का? ट्यूब गेली तर ती मिळेल कुठं? दुकानदार घामाघूम झाला, पण उत्तरं त्यानं सगळी दिली.

ॲम्प कोल्हापुरात आला. महिनाभर ती त्याच्याशी झटत होती. हा तुकडा काढ, तो बसव, ही कळ केसभर फिरव. शेवटी दोन तुकडे मिळून असा आवाज जमला, की खालच्या तारेवर जोर दिला की अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा एक 'कट्' यायचा आणि वर तार दुधासारखी पसरायची. नसरीन म्हणाली, "ह्या आवाजावर गाताना आधार वाटतो गं." कार्यक्रमाच्या बाहेर उभी असलेली माणसंसुद्धा ओळखायला लागली, शिवलीला वाजवतेय म्हणून.

एका दुपारी धैर्यशील गिटारला जोडून पायानं दाबायची एक इलेक्ट्रॉनिक पेटी घेऊन स्टुडिओत आला. "तुझा आवाज हिच्यात धरून ठेवू. कधी ॲम्प बिघडला तर कार्यक्रम बुडायला नको."

शिवलीलाला ते शहाणपणाचं वाटलं. पेटी ॲम्पमधून चित्रविचित्र आवाज सोडायची, परत आलेले ऐकून ध्यानात ठेवायची. मग ॲम्प नसला तरी तिला जोडलेली कुठलीही गिटार तशीच वाजायची. घाई धैर्यशीलला होती, नेटकेपणा शिवलीलाला. "थांब, अजून तापला न्हाय. आता घे. न्हाय, पुन्हा घे, वरचा भाग बोचतोय." अंधार पडेपर्यंत तिनं एकेक आवाज त्या पेटीत मन लावून भरून दिला. निघताना धैर्यशील म्हणाला, "जीव सुटला माझा." तिला वाटलं, दमला असेल.

त्यानंतर कार्यक्रम कमी व्हायला लागले. विचारलं की तो म्हणायचा, "सीझन मंद हाय. लोकं डीजे मागत्यात." नसरीनला विचारलं, तर तीही मान हलवायची. शिवलीलाला उलट धैर्यशीलचीच काळजी वाटायची. शिकवणीची पोरं वाढवून तिनं स्टुडिओचं भाडं काही महिने एकटीनं भरलं.

माघात शेजारच्या बनाबाईंच्या नातवाचं लग्न होतं, जोतिबाच्या रस्त्यावरच्या एका मोठ्या कार्यालयात. शिवलीला रिक्षातून उतरली आणि फाटकातच थांबली. आतून गिटार वाजत होती. खालच्या तारेचा 'कट्', वर पसरणारं दूध. क्षणभर तिला आपण आत आहोत असंच वाटलं.

स्टेजवर धैर्यशील होता, नसरीन होती. गिटारवर ऋतुराज नावाचा तरणाबांड, रील करून नाव झालेला वादक होता. त्याच्या पायापाशी ती पेटी होती. नसरीननं शिवलीलाला बघितलं आणि गाता गाता नजर खाली घातली. ते बघून शिवलीलाला सगळं कळलं.

जेवणाच्या पंगती सुरू झाल्या तशी ती स्टेजपाशी गेली. ऋतुराज बिचारा अदबीनं उठला. तिनं पेटीकडं बोट दाखवलं. "हा आवाज कुठला?"

"भारी हाय नव्हं, मॅडम? पेटीसंगटच आलाय. नाव बघा की," तो म्हणाला. छोट्या पडद्यावर लिहिलं होतं, 'नेसरी'.

धैर्यशील धावत आला. "शिवा, सांगणारच होतो. लोकं ह्याला मागत्यात, फोटो काढत्यात. धंदा हाय शेवटी. आणि तुझं नुकसान काय झालंय? तुझा आवाज तर आमच्यात हायच की."

बनाबाई लांबून हाक मारत होत्या, "शिवलीला, पान मांडलंय, ये गं!" ती धैर्यशीलला एवढंच म्हणाली, "त्या दुपारी मी तुला पुन्हा घ्यायला लावत होतो रं. पुन्हा पुन्हा." आणि जाऊन पंगतीत बसली. काय खाल्लं ते तिला आठवत नाही. उठून गेली असती तर बनाबाईंच्या कार्याला गालबोट लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी ती स्टुडिओत गेली. ॲम्प आपण घेऊन जाणार म्हणाली. भांडण होईल, अशी तयारी करून आली होती. "ने की," धैर्यशील फोनवरून मान न उचलता म्हणाला. "आता लागत न्हाय तो." लग्नातल्या त्या बोलण्यापेक्षा हे तिला जास्त लागलं. भाकरीच्या डब्याएवढा तो ॲम्प मांडीवर घेऊन ती रिक्षात बसली आणि घरापर्यंत रडली.

पंधरवड्यानं नसरीन आली. शिवलीलानं चहा टाकला.

"मला दिवाळीपासनं ठावं होतं," नसरीन म्हणाली. "बोललो असतो तर माझंबी काम गेलं असतं गं."

"भांडलो असतो मी त्याच्याशी, तुझ्याशी न्हाय," शिवलीला म्हणाली. "खरं, दारादारात 'सीझन मंद हाय, बिचारा धैर्यशील' म्हणून सांगत तरी हिंडलो नसतो. ते तू ऐकत हुतीस. समोर बसून ऐकत हुतीस."

नसरीन रडली. शिवलीलानं तिला पाणी दिलं, जिन्यापर्यंत सोडायलाही गेली. पण पुन्हा कधी ये म्हणाली नाही.

आता ती घरातच शिकवते. नाटकवाल्यांना लागेल ते वाजवून, ध्वनिमुद्रण करून देते. ॲम्प कोपऱ्यात असतो. रोज चालतो, पण ते दोन तुकडे तिनं एकत्र पुन्हा बसवलेले नाहीत. एका नाटकवाल्यानं कौतुकानं विचारलं, "तुमचा आवाज जरा यंत्रात धरून ठेवू का?" तिनं वायरच ओढून काढली. तो बावरला, आणि नंतर तिलाच वाईट वाटलं.

ऋतुराजचं आता जोरात चाललंय. लग्नसराईत एखादं शिकवणीचं पोर येतं आणि म्हणतं, "मॅडम, काल कार्यालयात काय वाजवलंय तुम्ही! मी बाहेरनं ऐकलं, लगेच वळखलं." पहिल्यांदा ती समजावून सांगायची, मी नव्हतो रं तो. पोरांना ते पटायचं नाही.  हल्ली ती पोराच्या हातात गिटार देते आणि शिकवायला बसते.