ऐकून घ्या, उद्या छापतोय

याकोबराव ज्याच्याविरुद्ध बातमी लिहीत, त्याला ती आधी त्याच्याच दारात जाऊन वाचून दाखवत. श्रीरामपुरातल्या त्यांच्या चार पानी साप्ताहिकाचा तेवढा एकच नियम होता. सायकल भिंतीला टेकवायची, चष्मा पुसायचा आणि म्हणायचं, "ऐकून घ्या, उद्या छापतोय. काय चुकलं असंल तर आत्ताच सांगा." लोक आधी चहा देत, मग शिव्या. एका ग्रामसेवकाने तर शिव्या देतादेता दोन तारखा दुरुस्त करून दिल्या होत्या.

प्रवरेतली वाळू उपसणाऱ्या आबांनी बातमी शांतपणे ऐकली, "झ्याक लिवलंय" म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी भर दुपारी एसटी स्टँडमागे कुणीतरी मागून येऊन फावड्याच्या दांड्याने याकोबरावांचा हात मोडला. पळणाऱ्या दोन पाठी तेवढ्या त्यांना दिसल्या. आबांनी जबाब दिला की असं काही घडल्याचंच आपल्याला ठाऊक नाही. साक्षीदार सगळे नेमके त्याच वेळी वाकून चप्पल नीट करत होते.

मग संकटातल्या पत्रकारांना मदत करणारी एक परदेशी संस्था पुढे आली आणि दुभाषी म्हणून मला बोलावणं आलं. शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली मी तेव्हा साठीची होते, म्हणजे तशी अल्लडच. पहिल्या व्हिडिओ कॉलला मी पैठणी नेसून बसले. पलीकडे एल्सा नावाची मुलगी, टी-शर्टात. माझ्या नाती अजून त्या कॉलचा फोटो बघून हसतात.

एल्साने सांगितलं, रोज रस्ता बदला. मी ते याकोबरावांना छडी हातात असल्यासारखं बजावलं. दुसऱ्या दिवशी ते बाजारातून गेले, तर जो तो विचारी, "आज हिकडनं कसं काय?" याकोबराव खोटं बोलत नसत. "जिवाला धोका हाय म्हनून रस्ता बदललाय. उद्या चर्चमागून जानार हाय."

पुढे पार्सलमधून गोळी अडवणारं जाकीट आलं. ते घालून भर उन्हात सायकल मारताना याकोबराव भोवळ येऊन पडले. "बाई, गोळी ऱ्हायली बाजूला, ह्यानंच मरतो मी." शेवटी ते त्यांनी खुर्चीला बांधलं आणि त्यांची पाठदुखी थांबली. उपयोग होतोय, असं मी एल्साला कळवलं.

एका फॉर्मात प्रश्न होता, धोका कुणापासून? आम्ही आबांचं नाव लिहिलं. झालं, याकोबराव फॉर्म घेऊन निघाले आबांकडे, आणि अर्थ सांगायला मी मागे.

"आबा, तुमचं नाव परदेशी पाठवतोय. ऐकून घ्या."

"तिथं कोन वाचनार?"

मी घाबरून राजदूत, संसद असं काय काय ठोकून दिलं. आबांनी फॉर्म उलटसुलट करून पाहिला.

"म्हंजे उद्या ह्यांना दुसऱ्या कुनी हानलं, तरी नाव माझंच?"

"तुमचंच," याकोबराव म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या सायकलपुढे आबांची दोन माणसं मोटरसायकलवर. याकोबरावांनी पाठी ओळखल्या. संरक्षण आहे का, असं एल्साने विचारलं. "आहे," मी म्हटलं, "मारणारेच आहेत." तिने मला ते वाक्य तीनदा म्हणायला लावलं.

तिने त्यांना सहा महिने परदेशात आसरा देऊ केला. दुभाषी लागेलच, म्हणून मी स्वेटरही विणायला घेतला. याकोबराव म्हणाले, "तिथं गेल्यावर आबाला वाचून कोन दाखवनार? छापलं तर सगळ्यांनीच हाय. त्यानं एकदा सोताच्या तोंडानं कबूल करावं, एवढंच पायजे मला."

नंतर ते दर आठवड्याला आबांच्या दारात वाचत राहिले. आबा ऐकत, चहा देत, कबूल काही करत नसत. गेल्या वर्षी याकोबराव आजारपणात, घरच्या अंथरुणावर गेले. सर्वांत मोठा हार आबांचा होता.

परवा हा लेख घेऊन मी आबांच्या दारात गेले. नियम तो नियम. हात कशाने मोडला, तर पोलिसांत, साप्ताहिकात, एल्साच्या फॉर्मात, सगळीकडे लोखंडी गज असंच होतं. मीही तसंच लिहिलं होतं.

"ऐकून घ्या," मी म्हटलं. "काही चुकलं असेल तर आत्ताच सांगा."

आबा बिस्किट बुडवत ऐकत होते. त्या ओळीला मान हलवून म्हणाले, "गज कुठला, बाई? फावड्याचा दांडा हुता."

बिस्किट कपात पडलं. त्यांनी ते काढलं नाही.

वर दुरुस्ती केली आहे.