रशियन चित्रांचं गाऱ्हाणं

साठच्या दशकात, एका दिवाळीनंतर, मालवणजवळच्या आमच्या गावच्या वाचनालयात रशियन चित्रकलेवर व्याख्यान झालं. वक्ते निवृत्त ड्रॉइंग मास्तर होते. मी साप्ताहिकाचा वार्ताहर म्हणून हजर होतो.

मास्तरांना तुम्ही भेटला असतात, तर त्यांनी आधी तुमच्या हातात भिंग दिलं असतं. "रंग मगे बघ. कोण कोणाक बघता, तां आधी बघ."

मुंबईत नोकरीला असताना ते रशियन शिकले. येताना स्वस्त सोव्हिएत चित्रपुस्तकांची ट्रंक आणली. काही रशियन चित्रकारांचं पुरुषांवर प्रेम होतं. ते चित्रांत दिसतं, पुस्तकांत गाळलेलं असतं, हा त्यांचा अभ्यास. चित्राखाली छापलेलं असे, 'मित्र'. मास्तर म्हणत, "मित्रच. पण एकाच मित्राक जन्मभर काढीत रवलो, ह्यां कोण लिवणा नाय."

ते भाऊंच्या घरी राहत. भाऊ गावचे मानकरी, पूर्वी जहाजावर आचारी. दोघेही अविवाहित. भाऊ म्हणत, "हेचे रशियन सगळे माझ्या वळखीचे झाले. जेवूक येणत नाय, तां बरां."

व्याख्यानाच्या आदल्या दिवशी वाचनालयाचे चिटणीस म्हणाले, "मास्तर, तो भाग तेवढा वगळा. बायामाणसं येतील."

"मग उरता काय? चौकट," मास्तर म्हणाले. पण सभागृह चिटणीसांच्या हातात होतं. मास्तरांनी त्या भागाची पुस्तकं घरी परत ट्रंकेत ठेवली.

आमच्याकडे कार्याआधी मानकरी देवाला गाऱ्हाणं, म्हणजे मागणं, घालतो आणि लोक होकार देतात. भाऊ नारळ घेऊन उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा, आमच्या मास्तरान रशियातल्या चितारांचो अभ्यास केल्यान."

"व्हय म्हाराजा."

"थंय कितक्या पुरुषांचो जीव पुरुषांवर बसलो, तो त्यांनी चित्रात काढल्यानी."

"व्हय म्हाराजा." चिटणीसही म्हणाले.

"तां मास्तर आज सगळां सांगतलो. तेका येस दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

चिटणीस भाऊंच्या कानाशी गेले. "भाऊ, ह्यां काय केलात?"

"गाऱ्हाण्यात लपवूचां नसता. अर्धां सांगितलां तर देव घेणा नाय."

देवासमोर कबूल झालेलं मोडायला चिटणीस तयार नव्हते. ते जाऊन बसले. मास्तरांनी घरून ट्रंक मागवली आणि सगळं सांगितलं.

शेवटी एका बाईंनी विचारलं, "मास्तर, त्या चितारांच्या घरात रांधी कोण?"

मास्तरांनी पहिल्या रांगेतल्या भाऊंकडे पाहिलं. "एक रांधी. दुसरो नावां ठेवी आणि जेवी."

सभागृह हसलं. भाऊही हसले.

दशक संपण्याआधी मास्तर वारले. भाऊंनी पुस्तकांची ट्रंक वाचनालयाला दिली. चिटणीसांनी ती स्वतः उतरवून घेतली. भिंग भाऊंनी दिलं नाही.