वरचा लहान आकडा

सेतुराव सरांची आणि माझी पहिली ओळख झाली ती एका कापलेल्या गुणावरून. तंजावरच्या शाळेत मी आठवीत होते. चाचणीत एक लाख ही संख्या घातांकात लिहायची होती. दहाचा पाचवा घात मला पाठ होता, पण घाईत वरचा पाच खाली घसरला आणि 10⁵ चे 105 झाले. मी वाद घातला, "सर, माझ्या मनात बरोबर होतं." सर शांतपणे म्हणाले, "मनातलं मला कसं दिसणार, कण्णा? लिहिलंय तेवढंच वाचायचं."

वर्गात सर तमिळमधून शिकवत, सगळ्याच मुलांना लाडानं 'कण्णा' म्हणत. फळ्यावर खडू टेकवून "मेले, मेले" म्हणत, म्हणजे वर, वर. राजवाड्यामागच्या त्यांच्या घरी मात्र मराठी चाले. आम्हा मराठी घरांतल्या मुलांना बोललेलं कळायचं, देवनागरी वाचता यायची नाही. त्या संध्याकाळी त्यांनी मला ओसरीवर चिंचोके मांडायला बसवलं. आधी दोन, मग दुप्पट, पुन्हा दुप्पट. सातव्या दुपटीला डबा रिकामा झाला. सर म्हणाले, "एवढ्या सगळ्यांचं ओझं तो वरचा लहान आकडा उचलतो. त्याला त्याची जागा द्यावी."

पुढे नोकरीसाठी मी पुण्याला आले. माझ्या दर वाढदिवसाला सरांचं पोस्टकार्ड यायचं, तसं त्यांच्या इतर जुन्या विद्यार्थ्यांनाही. माझं वय घातांकात, खाली दोन ओळी देवनागरीत. बत्तिसाव्या वर्षी 2⁵. एकोणतिसाव्या वर्षी, "मूळसंख्या झालीस. घातांकाला काही काम नाही, तब्येत सांभाळ." ती कार्डं अक्षर लावून वाचता वाचताच मी मराठी वाचायला शिकले. हा लेखही त्यांच्याच जिवावर लिहिते आहे.

यंदा कार्ड आलं नाही. खोटं कशाला बोलू, पंधरा दिवस मी रोज टपालपेटी उघडून पाहिली आणि मग सरळ तंजावर गाठलं. सर झोपाळ्यावर बसले होते. त्यांनी माझ्या मुलीच्या गणिताची चौकशी केली, कार्डाचं नाव काढलं नाही. निघताना सरांच्या पत्नींनी, आमच्या मामींनी, मला स्वयंपाकघरात बोलावलं.

"हात कापतो त्यांचा," त्या म्हणाल्या. "वरचा आकडा खाली येतो. जन्मभर ज्यासाठी मुलांचे गुण कापले, तेच मी कसं पाठवू, म्हणतात."

डब्यामागून त्यांनी एक कार्ड काढून दिलं. माझ्याच नावाचं, टाकायचं राहिलेलं. या वेळी वय मात्र माझं नव्हतं, सरांचं स्वतःचं होतं. "यंदा मला पंचाहत्तर, म्हणजे 3 × 52. ये." पाचावरचा दोन खाली येऊन पाचाशेजारी बसला होता.

सर, ते कार्ड आता माझ्या टेबलावर आहे. तुमच्या ओसरीची फार आठवण येते, आणि त्याहून जास्त या कार्डांची. आकडा वर बसो, खाली बसो, पण पाठवत राहा. तुमचे सगळेच विद्यार्थी वाट पाहत असतील.

आणि लिहिलंय तेवढंच वाचायचं, हे तर तुम्हीच शिकवलंत. तीन गुणिले बावन्न, एकशे छप्पन्न. तेवढं आयुष्य तुम्हाला निरोगी लाभो. मी एकही गुण कापलेला नाही.